हवाना (१९९० चा चित्रपट)

हवाना हा सिडनी पोलॅकने दिग्दर्शित केलेला हॉलिवूडचा रोमँटिक ड्रामा, डिसेंबर १९९० मध्ये रिलीज झाला. गोष्ट घडते १९५८ च्या डिसेंबरात, क्युबात, म्हणजे हुकूमशहा बातिस्ताची सत्ता शेवटचे आचके देत होती आणि कास्त्रोचे बंडखोर डोंगरातून पुढे सरकत होते तेव्हा.

जॅक वील (रॉबर्ट रेडफर्ड) हा पोकर खेळून पोट भरणारा माणूस, राजकारणाशी त्याला काही देणंघेणं नाही, मोठा डाव मारायचा म्हणून फ्लोरिडाहून बोटीने हवानाला निघालेला असतो आणि त्याच बोटीवर त्याला रॉबर्टा (लीना ओलिन) भेटते, जी त्याला पैसे देऊन एक गाडी कस्टममधून काढून द्यायला सांगते. गाडीत बंडखोरांसाठीचं सामान लपवलेलं असतं. तिचा नवरा आर्तुरो (राऊल हुलिया) क्रांतीच्या बाजूचा, मग तिघांचा गुंता होतो. ‘कासाब्लांका’ या जुन्या हॉलिवूडपटाची आठवण येणार हे उघड आहे आणि समीक्षकांनी तेव्हा तीच तुलना करून पिक्चरला झोडपला.

खरं सांगायचं तर प्रेमप्रकरण थोडं कोमटच आहे, रेडफर्ड आणि ओलिनमध्ये ठिणगी पडता पडता राहते. पण एक गोष्ट डोक्यात बसते: जॅकने अडीअडचणीला म्हणून एक हिरा दंडात कातडीखाली शिवून ठेवलेला असतो, आणि तो कापून काढतो ते तिच्या नवऱ्याला सोडवायला! बाकी मजा शहराची आहे. कॅसिनो तुडुंब, टुरिस्ट नाचतायत, आणि सत्ता हातातून निसटतेय हे तिथल्या कुणाला मनावर घ्यायचंच नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री बातिस्ता पळतो आणि सगळं एका झटक्यात उलटंपालटं होतं.

अमेरिकेच्या निर्बंधांमुळे क्युबात शूटिंग शक्यच नव्हतं, त्यामुळे हे सगळं डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सेट लावून उभं केलं. बजेट ४ कोटी डॉलरच्या आसपास, अमेरिकेतली कमाई मात्र १ कोटीच्याही आतच, म्हणजे सणसणीत आपटला. पोलॅक-रेडफर्ड जोडीचा हा सातवा आणि शेवटचा पिक्चर. हुलियाचा रोल एवढा महत्त्वाचा, तरी श्रेयनामावलीत त्याचं नावच नाही. डेव्ह ग्रुसिनच्या संगीताला ऑस्कर नामांकन मिळालं, आणि ते आजही ऐकायला भारी वाटतं.

शेवट १९६३ चा. जॅक फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर येऊन समुद्राकडे बघत राहतो, आणि हवानाची फेरी तर कधीच बंद झालेली असते.