हाई काय काढेल शे? : एका अमूर्त तैलचित्रामागची पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात चाळीसगावला एका मित्राकडे वास्तुशांती होती. हॉलच्या मोठ्या भिंतीवर त्याने स्वतः केलेलं ऑईल पेंटिंग लावलंय, चार बाय पाच फुटांचं असेल, खालचा निम्मा भाग काळपट तपकिरी, म्हणजे पहिला पाऊस पडून गेल्यावर आपली काळी जमीन दिसते तसा, वर मळकट पिवळा, आणि उजवीकडे चाकूने खरवडलेला एक लाल तुकडा. बस. माणूस नाही, झाड नाही, काही नाही. पंगती उठल्यावर त्याच्या मामी समोर येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "भो, हाई काय काढेल शे?", म्हणजे हे काय काढलंय?

प्रश्न मनापासून होता, टोमणा अजिबात नव्हता. तेव्हा गडबडीत मी दोन वाक्यं बोललो पण ते अर्धवटच राहिलं आणि घरी येईपर्यंत मनात तेच घोळत होतं. म्हणून हे जरा सविस्तर. कारण या प्रश्नामागचा इतिहास लोक समजतात तसा फक्त पॅरिसचा नाही, त्याचे दोनतीन मोठे धागे आपल्या खान्देशातून जातात आणि ते इथल्याच लोकांना माहीत नसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी तेलाचं बघू. तैलचित्रातलं तेल म्हणजे जवसाचं तेल, ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच. शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवा, वाळत नाही, पण जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू त्याचा घट्ट पापुद्रा होतो, म्हणजे ते पाण्यासारखं उडून जात नाही तर जागच्या जागी बदलतं. रंगाची पूड या तेलात घोटली की चित्रकाराला वेळ मिळतो. आज लावलेला रंग उद्याही ओला असतो, तो पुसता येतो, खरवडता येतो, त्यावर पातळ पारदर्शक थर देता येतो. पंधराव्या शतकात फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे, व्हॅन आयक वगैरे चित्रकार मंडळींनी यात कमाल केली आणि पुढची चारशे वर्षं युरोपात तेलरंगाचं काम एकच, मखमल मखमलीसारखी आणि कातडी कातडीसारखी दिसली पाहिजे. वस्तू हुबेहूब. रंग आणि आकार दोघंही वस्तूचे नोकर.

आता अजिंठा. जिल्हा आज संभाजीनगरचा असला तरी जळगावहून साठेक किलोमीटरवर आणि वाघूर नदी तिथून निघून आपल्या तापीला मिळते, त्यामुळे खान्देशी माणसाला ती लेणी घरचीच वाटतात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली आणि १८४४ मध्ये मद्रास आर्मीतल्या रॉबर्ट गिलला कंपनी सरकारने तिथली चित्रं उतरवून घ्यायला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तेलरंगात कॉपीज केल्या. त्यातल्या बहुतेक सगळ्या १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. विचार करा, अर्धं आयुष्य गेलं त्यात. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर मुंबईच्या जेजे स्कूल या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले, पुन्हा तेलरंग, पुन्हा कॉपीज, आणि त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्ये जळाल्या.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्या भागात तेलरंग आला तो नक्कल करायचं साधन म्हणून. अजिंठ्याची मूळ चित्रं तेलाची नाहीतच, ती कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांची आहेत, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानकडून आलेला लाजवर्द दगड. आणि तिथे सगळं काही बोधिसत्त्व आणि राजकन्याच नाहीत. दोन नंबरच्या लेणीत मान वर करून छत बघा, एकात एक वर्तुळं, चौकोनांचे पट्टे, रंगाची लय नुसती फिरत राहते. तिथे कोणी गाईडला विचारत नाही की हे काय काढलंय. दारातल्या रांगोळीला पण नाही विचारत. म्हणजे वस्तूशिवायचा रंग आणि आकार आपल्याला नवीन नाही, फक्त तो छतावर, उंबऱ्यावर, साडीच्या काठावर असतो तेव्हा आपण सहज स्वीकारतो आणि चौकटीत घालून भिंतीवर टांगला की अडतो.

चौकटीतल्या चित्रातून वस्तू बाहेर कशी पडली, ते एका वेळी नाही झालं. १८३९ मध्ये फोटोग्राफी जाहीर झाली आणि हुबेहूबपणाचं काम कॅमेऱ्याने उचललं. गिलने सुद्धा पुढे कॅमेरा हातात घेतला आणि लेण्यांचे फोटो काढले. आणि चाळीसगावचा विषय निघालाच आहे तर केकी मूस यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही, टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड-सावली जुळवून ते फोटोत अख्खं निसर्गदृश्य उभं करायचे. कॅमेरा म्हणजे फक्त हुबेहूब असंही नाही, हे कळायला त्यांचं कलादालन बघाच. दुसरी गोष्ट साधी, १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंगाची पत्र्याची ट्यूब काढली. तोपर्यंत घोटलेला तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे आणि तो लवकर खराब व्हायचा. ट्यूब आली आणि चित्रकार तेलरंग घेऊन शेतात जाऊन बसला.

शेतात बसलेल्यांपैकी एक क्लोद मोने. त्याने १८९०-९१ मध्ये शेतातल्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली, आपल्याकडे कडब्याची गंजी रचतात तशाच, सकाळची गंजी, संध्याकाळची, बर्फातली. त्यातलं एक चित्र १८९६ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात वासिली कँडिन्स्कीने, पुढे मोठा अमूर्त चित्रकार झालेल्या रशियन माणसाने, पाहिलं आणि त्याला ते कशाचं आहे हेच कळेना. कॅटलॉग बघितल्यावर समजलं की गंजी आहे. त्याला आधी वाईट वाटलं की चित्रकाराने वस्तू ओळखू येऊ नये असं का करावं, आणि मग लक्षात आलं की ओळखू न येताही चित्र मनातून जातच नाहीये. मामींचा प्रश्न आणि कँडिन्स्कीचा प्रश्न एकच होता बघा! पुढे म्युनिकला एकदा संध्याकाळी स्वतःच्याच स्टुडिओत शिरताना त्याला एक अतिशय सुंदर चित्र दिसलं, ते त्याचंच होतं, आडवं टेकवून ठेवलेलं. तेव्हा त्याला वाटलं की आपल्या चित्रांना वस्तूची अडचणच होतेय. १९११ च्या शेवटी त्याचं कलेतल्या आध्यात्मिकतेवरचं पुस्तक आलं, रंग सुरासारखा थेट मनावर काम करतो असं त्याचं म्हणणं. त्याच्याआधी १९०६ मध्ये स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटने अशी चित्रं करायला घेतली होती, पण तिचं काम जगाला फार उशिरा कळलं. आणि कँडिन्स्की, पॉल क्ले या चित्रकारांची चित्रं डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला लागली होती, म्हणजे आपल्या देशात हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच पोचलंय.

आता रंगाचं वेगळं सांगतो, कारण तिथे आपल्या जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर येतं. फैजपूरचे रंगारी एके काळी प्रसिद्ध होते, कापडावरचे छाप आणि गडद निळा, लाल रंग ही त्या गावाची ओळख. निळा निळीचा, लाल आल नावाच्या झाडाच्या मुळीचा. रंगाऱ्याला जे हाताने माहीत असतं, की एकच रंग शेजार बदलला की वेगळा दिसतो, ते शास्त्र म्हणून मांडलं फ्रान्सच्या शेव्ह्रलने. हा माणूस गोब्लँच्या विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा रंग फिका पडतोय. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हताच, त्या काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे होते म्हणून तो मेलेला दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि पुढच्या दोन पिढ्यांचे चित्रकार ते वाचून रंग शेजारी शेजारी ठेवायला शिकले. जळगावच्या कुठल्याही साडीच्या दुकानात ब्लाउजपीस साडीवर टाकून दाखवतात ना, तेच तत्त्व.

पण याच गोष्टीला एक दुखरी बाजू आहे. १८६८-६९ मध्ये जर्मनीत रसायनातून अलिझरिन हा लाल रंग तयार झाला, १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली, आणि मुळी-पानांतून रंग काढणाऱ्यांचा धंदा देशभर बसत गेला. आज चित्रकाराच्या पेटीत अलिझरिन क्रिमसन नावाची जी लाल ट्यूब असते ती त्याच शोधातून आलेली. माझ्या मित्राचा तो खरवडलेला लाल त्याच ट्यूबचा आहे, मी विचारलं त्याला. हे कळल्यापासून मला तो लाल नुसता सुंदर नाही वाटत.

आणि फैजपूरचंच एक माणूस, बा. सी. मर्ढेकर. जन्म १ डिसेंबर १९०९, फैजपूर. आपण त्यांना कवी म्हणून ओळखतो, अभ्यासक्रमातल्या कवितांमुळे, पण त्यांनी सौंदर्यशास्त्रावर जे काम केलंय ते अमूर्त चित्र समजायला मराठीत मिळालेली सगळ्यात चांगली किल्ली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. १९३७ मध्ये त्यांचं इंग्रजीतलं कलाविचाराचं पुस्तक लंडनला छापलं गेलं आणि पुढे 'सौंदर्य आणि साहित्य'ला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. क्लाइव्ह बेल या इंग्रज कलासमीक्षकाने १९१४ मध्ये मांडलं होतं की चित्राचं मोल त्यातल्या अर्थपूर्ण आकारात असतं, विषयात नाही. मर्ढेकर त्याच वाटेवरचे, पण आकार म्हणजे नेमकं काय जुळलेलं असतं हे त्यांनी लयीच्या भाषेत सांगितलं. संवाद, विरोध आणि समतोल. चित्रात रंगांच्या संवेदना असतात आणि त्या एकमेकींशी या तीन नात्यांनी बांधल्या जातात.

हे पुस्तकी वाटत असेल तर ते चाळीसगावचं चित्र आठवा. खालचा तपकिरी आणि वरचा मळकट पिवळा, दोघांतही एकच मातकटपणा आहे, हा संवाद. लाल त्यांच्यात बसत नाही, तो विरोध. आणि तळहाताएवढा लाल खालच्या अख्ख्या जड काळपट भागाला तोलून धरतो, कारण तो उजळ आहे, कडेला आहे, आणि त्याच्या कडा धारदार आहेत, हा समतोल. साहित्याच्या बाबतीत मर्ढेकरांच्या या सिद्धांतावर पुष्कळ वाद झाले, कथा-कवितेतला माणूस, त्याचं जगणं लयीत कसं मावणार हा आक्षेप मला पटतो सुद्धा, पण चित्रापुढे उभं राहिलं की हे तीन शब्द लागलीच कामाला येतात.

जाता जाता, मर्ढेकरांचं ते १९३७ चं इंग्रजी पुस्तक आलं त्याच्या बरोबर आदल्या वर्षी, डिसेंबर १९३६ ला, फैजपूरलाच काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष. गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसना सजावटीला बोलावलं आणि त्यांनी बांबू वगैरे गावातल्याच वस्तू वापरून ते नगर उभं केलं. थेट संबंध नाही याचा, नंदलालबाबू अमूर्त चित्रकार नव्हेत, पण एका गावाच्या वाट्याला किती यावं!

मुंबईत पुढचं वेगाने झालं. महायुद्धाच्या आसपास युरोपातून आलेल्या लँगहॅमर, लायडन, श्लेसिंगर या कलेतल्या जाणकारांमुळे तरुण चित्रकारांना तिकडची चित्रं, निदान छापील, बघायला मिळाली. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा नव्या कलाकारांचा गट झाला, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. त्यांच्याशी नंतर जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूर १९२४, शिक्षण जेजे. ते आपल्या कामाला अमूर्त म्हणायचेच नाहीत, वस्तुनिरपेक्ष म्हणायचे, आणि फरक मोठा आहे. अमूर्त म्हणजे कशातून तरी काढून घेतलेलं, आधी झाड होतं मग त्याच्या रेषा राहिल्या. वस्तुनिरपेक्ष म्हणजे आधी काही नव्हतंच, रंगच पहिला. रोलरने थर द्यायचा, चाकूने उचलायचा, फाडलेला कागद दाबून रंग टिपायचा, पुन्हा पारदर्शक थर, आणि मग दिवसच्या दिवस नुसतं बघत बसायचं. वर्षाला मोजकीच चित्रं. जवसाच्या तेलाचा सावकाशपणा इतका कामाला लावलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. जेजेच्याच शंकर पळशीकरांनी आणि पुढे त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांनी शिकवून ही दृष्टी कितीतरी जणांपर्यंत नेली. गिल आणि ग्रिफिथ्सनी ज्या तेलरंगात हुबेहूब नक्कल केली, तोच तेलरंग आणि तेच जेजे.

मामींना मी हे सगळं थोडंच सांगितलं. फोनवर मित्राला म्हटलं की त्यांना लाल तुकडा हाताने झाकून बघायला सांग. त्याने सांगितलं आणि मामींनी खरंच हात आडवा धरला, काढला, परत धरला, आणि म्हणाल्या, "हाऊ लाल काढी टाका ते मंग काय ऱ्हायनं?" त्यांना त्यात काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही, मित्रानेही विचारलं नाही. मात्र त्या हात लावायला गेल्या तेव्हा तो पटकन पुढे झाला कारण चाकूने जिथे जाड रंग बसलाय तिथे वरून वाळलेला वाटतो पण आत अजून ओला आहे. व्हार्निश पुढच्या दिवाळीनंतर.