बडोद्याहून मोंबासा

जागतिकीकरण म्हटलं की आपण 1991पासून मोजायला लागतो. बडोद्यात वाढलेल्या माणसाला हा हिशोब पटत नाही. इथली बँक त्याच्या अडतीस वर्षं आधीच समुद्र ओलांडून गेली होती.

20 जुलै 1908. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी बँक ऑफ बडोदा काढली. दिवस स्वदेशीचे होते, पण महाराजांची स्वदेशी दारं लावून बसणारी नव्हती. युरोप-अमेरिका त्यांनी स्वतः फिरून पाहिली होती. बँक उभी करताना राल्फ व्हाइटनॅक या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचा सल्लाही घेतला होता. 1913च्या सुमारास स्वदेशी बँका एकामागून एक बुडाल्या, त्यात ही तगली.

1953 साली बँकेच्या शाखा केनियातल्या मोंबासा आणि युगांडातल्या कंपालात उघडल्या. तिथेच का? गुजरातच्या खेडा-आणंद भागातले, म्हणजे चरोतरातले, पेटलादसारख्या बडोदे संस्थानाच्या मुलखातलेही, पाटीदार पिढ्यान्‌पिढ्या पूर्व आफ्रिकेत दुकानदारी करत होते. गिऱ्हाईक आधीच तिकडे होतं, बँक मागून गेली. पुढे 1957 साली लंडन, 1961 साली फिजी, 1962 साली मॉरिशस. नकाशावर या ठिकाणांना बोटाने जोडत जा, आपल्या माणसांच्या स्थलांतराचीच वाट उमटते. परदेशातल्या धंद्याचं याहून शहाणं धोरण मला माहीत नाही.

त्यात जोखीमही होती. 1967 साली टांझानियाने खासगी बँका ताब्यात घेतल्या, त्यात या बँकेच्या शाखाही गेल्या. दोनच वर्षांनी, 1969 साली, खुद्द भारत सरकारने बँकेचं राष्ट्रीयीकरण केलं. मग 1972 साली हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. ज्यांच्या भरवशावर बँक तिकडे गेली, ते गिऱ्हाईकच उठलं.

आमच्या दांडिया बाजारातल्या घराशेजारचे पटेलकाका त्यातलेच. आई मराठीत विचारायची, काका गुजरातीत सांगायचे, दोघांचंही अडायचं नाही. कंपालाच्या दुकानाची किल्ली त्यांनी देव्हाऱ्यात, बाळकृष्णाशेजारी ठेवली होती. पितळी, दात झिजलेली. मला एकदा हातात दिली होती, लगेच परतही घेतली. त्यांचे धाकटे भाऊ इंग्लंडला गेले. तिथेही खातं कुठे उघडलं, हे काका अभिमानाने सांगायचे: ‘आपणी बँकमां.’

1991नंतर वारा उलटा वाहू लागला, परदेशी कंपन्या बडोद्याकडे आल्या. बडोद्याजवळच्या सावली गावच्या कारखान्यातले रेल्वेडबे आज ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला धावतात. त्यामागे 1890 सालच्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेपासून इथे मुरलेलं कारागिरीचं शिक्षण आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

बँकेने मात्र युगांडा सोडला नाही. 2002 साली तिच्या तिथल्या कंपनीचे शेअर कंपालाच्या शेअरबाजारात विक्रीला आले, आणि ते घेणाऱ्यांत आता युगांडाचे लोकही होते.