नैराश्यावर काढा की गोळी (सांगली-सातारा भाग)

नैराश्य म्हणजे डिप्रेशन. त्याच्यावर घरगुती नैसर्गिक उपाय करायचे की मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं, असा सरळ प्रश्न आपल्या कृष्णाकाठी फारसा कुणी विचारत नाही, कारण आपल्याला झालंय ते डिप्रेशन आहे हेच माणसाला माहीत नसतं. तो म्हणतो "काय करू वाटंना", "जेवू वाटंना", "डोकं जड झालंय", "जीव घाबरा होतोय". त्यामुळं इथं निवड अशी होत नाही, नंबर लागतात. आधी घरचं काहीतरी, मग देवाचं, मग गल्लीतल्या डॉक्टरकडं एक सलाईन आणि ताकदीच्या गोळ्या, आणि सगळं करून थकलं की मिरजेचं मोठं हॉस्पिटल. ह्यात महिने जातात, कधी वर्षं जातात, आणि कुठला उपचार चांगला ह्या वादापेक्षा हा मधला वेळच जास्त नडतो.

ओळखायचं कसं

मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं, ह्यातलं एक तरी दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकलं आणि सोबत झोप बिघडणं, भूक मरणं (किंवा उलट सारखं खात सुटणं), थकवा, आपणच नालायक आहे असं वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार ह्यातलं बरंच काही असलं तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, मार्क ० ते २७. ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यमपेक्षा जड, २० आणि वर तीव्र. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा असतो, तिथं "कधीच नाही" सोडून दुसरं काही उत्तर आलं तर बेरीज कितीही कमी असू दे, थांबायचं नाही, दाखवायचं.

सगळं दुःख म्हणजे आजार नाही हेही तितकंच खरं. २००५, २०१९ आणि २०२१ ला सांगलीत पाणी घुसलं, घरातला चिखल उपसताना कुणाला हसू येणार होतं? पण पाणी उतरून सहा महिने झाले, दुकान पुन्हा लागलं, आणि माणूस तरी गल्ल्यावर बसून नुसता बघत राहतो, तेव्हा ते पुरावर ढकलून चालत नाही. अजून एक म्हणजे थायरॉईड कमी असणं, बी-१२ ची कमतरता, रक्त कमी असणं ह्यातही हुबेहूब असंच होतं, म्हणून काढा असो की गोळी, आधी रक्त तपासलेलं बरं. त्यात गोळीपेक्षा स्वस्तात सुटणारे लोक निघतात.

नैसर्गिक म्हणजे काय काय

ह्या एका शब्दाखाली आपण चालण्यापासून अंगाऱ्यापर्यंत सगळं कोंबतो, आणि गोंधळ तिथंच होतो.

व्यायामाचा पुरावा खरोखर चांगला आहे. भरभर चालणं, पळणं, योगासनं ह्यांनी सौम्य आणि मध्यम नैराश्य कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. सातारकर पहाटे अजिंक्यतारा चढतात, सांगलीकर आमराईत फेऱ्या मारतात, आणि सूर्यनमस्काराचा मोठा प्रसार ज्यांनी केला ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तर आपल्या खटाव तालुक्यातलेच, म्हणजे बाहेरून काही आणायला नको. अडचण एवढीच की ज्याला अंथरुणातून उठायलाच दोन तास लागतायत त्याला "जरा फिरून ये, बरं वाटंल" म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं आहे. तिथं दहा मिनिटं, कुणीतरी सोबत, अंगणापासून सुरुवात, असं करावं लागतं. झोपेची वेळ पाळणं आणि दारू बंद करणं हेही ह्याच खात्यात, आणि दारूवर तर जास्तच जोर द्यायला हवा, कारण आपल्याकडं पुरुषांचं नैराश्य बऱ्याचदा बाटलीआड लपतं आणि घरचे फक्त बाटलीवर भांडत बसतात.

आता हळद. हळद म्हटलं की सांगली, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय, शेजारच्या हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. तिच्यातल्या कर्क्युमिनवर नैराश्यासाठी प्रयोग झालेत, काहींत थोडा फायदा दिसला, पण ते प्रयोग छोटे होते आणि औषध म्हणून वेगळं काढलेलं कर्क्युमिन होतं. हळदीत ते शेकडा ३ च्या आसपास, आणि पोटातून रक्तात जातं त्याहून कमी. हळदीचं दूध प्यावं, छान लागतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

अश्वगंधानं ताण आणि झोप थोडी सुधारते असं दिसतं, नैराश्यावर मात्र तेवढा भक्कम आधार नाही. थायरॉईडवाल्यांनी विचारून घ्यावी, क्वचित लिव्हरलाही त्रास झालेला आहे. खरी भानगड सेंट जॉन्स वर्ट नावाच्या परदेशी झाडाची, जे ऑनलाइन हर्बल कॅप्सूलमध्ये मिळतं. ते सौम्य-मध्यम नैराश्यात चालतं, ही गोष्ट खोटी नाही. पण नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतलं तर शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं, शिवाय गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा असर ते कमी करतं. म्हणजे जे काम करतं ते साईड इफेक्टही करतं, "हर्बल आहे, काय होत नाही" हे वाक्य इथंच आपटतं.

आयुर्वेदाबद्दल एक बाजूला सांगतो. चरकसंहितेत उपचाराचे तीन प्रकार सांगितलेत, दैवव्यपाश्रय (मंत्र-पूजा), युक्तिव्यपाश्रय (औषध-आहार) आणि सत्त्वावजय, आणि तिसरा म्हणजे मनाला नको त्या विषयांपासून आवरणं. म्हणजे मनावर बोलून-समजावून काम करणं परकं आहे असं म्हणणाऱ्यांनी आपलंच पुस्तक वाचलेलं नाही.

देवऋषी, करणी, बाहेरचं. ह्याच्यावर साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, जे एमबीबीएस मिरजेलाच झाले, त्यांनी आयुष्य घालवलं, आणि २०१३ ला त्यांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. मंदिरात जाऊन, मिरजेच्या दर्ग्यात बसून कुणाला शांत वाटत असेल तर त्याला कायदाही अडवत नाही आणि डॉक्टरही. दुवा आणि दवा दोन्ही चालतात. मारहाण, साखळी, धुरी देणं आणि "गोळ्या बंद कर मगच गुण येईल" हे चालत नाही.

डॉक्टरी बाजू

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं ह्या विषयात शिकलेला डॉक्टर, गोळ्या तो लिहितो. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक गोळ्या देत नाही, बोलून उपचार करतो, विचारांच्या सवयी बदलायला शिकवतो. सौम्य नैराश्यात नुसत्या बोलण्याच्या उपचारानंही भागतं. कुठला उपचार कधी करावा हे डॉक्टरांना सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शनात तर सौम्य आजारात, पेशंटनं स्वतः मागितल्याशिवाय, सरसकट गोळ्यांनी सुरुवात करू नका असंच म्हटलंय. म्हणजे "डॉक्टरकडं गेलो की गोळ्या चिकटवणार" ही भीती पूर्ण बरोबर नाही. आजार मध्यमच्या पुढं गेला की मात्र गोळी आणि बोलणं दोन्ही मिळून जास्त चांगलं.

फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी १९८७ ला अमेरिकेत मंजूर झाली, त्यानंतर सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे आल्या. ह्यांचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात, म्हणून बरेच लोक "गरम पडल्या" म्हणून पाकीट कपाटात टाकतात. लैंगिक इच्छा कमी होते, हे कुणी बोलत नाही आणि त्याच्यापायीच गोळी गुपचूप सोडतात, तर डॉक्टरला सांगितलं की गोळी बदलता येते. पंचविशीच्या आतल्या पोरांवर सुरुवातीला घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची आणि हळूहळू कमी करायची, एकदम तोडली तर चक्कर येते, चिडचिड होते. "सवय लागते" ही तक्रार खरी आहे ती अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या-घाबरेपणाच्या गोळ्यांची, ज्या लोक मेडिकलमधून परस्पर आणतात, आणि बदनामी होते दुसऱ्याच गोळ्यांची. आधी कधी झोप न लागता उधळपट्टी, बडबड, अति उत्साह असे दिवस येऊन गेले असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं, तो आजार वेगळा (बायपोलर), त्याला नुसती नैराश्याची गोळी उलटी पडू शकते.

विजेच्या शॉकची भीती सगळ्यात जुनी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल दिल्याशिवाय शॉक देण्यावर बंदी आहे, आणि तो लागतो तो अगदी जड आजारात. "येरवड्याला पाठवा", म्हणजे पुण्याच्या मनोरुग्णालयात, ही आपली आवडती शिवी, पण नैराश्याच्या बहुतेक पेशंटला दाखल करायचीच वेळ येत नाही. मिरजेला १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, साताऱ्यात जिल्हा रुग्णालय, आणि कुठंच जायचं धाडस नसलं तर टेलिमानस ही सरकारी फोन हेल्पलाइन, १४४१६, फुकट, रात्रीही, मराठीत.

तासगाव-पलूसकडच्या बागायतदार घरांत एक काम उपचाराआधी करायचं, फवारणीची औषधं शेडमध्ये कुलूप लावून ठेवायची आणि किल्ली दुसऱ्याकडं द्यायची. जीव द्यावासा वाटण्याची टोकाची वेळ बऱ्याचदा थोडाच काळ टिकते, त्या वेळात हाताशी काही नसणं एवढ्यानंही जीव वाचतो.

पहिल्या भेटीत डॉक्टर विचारतात, अजून काय औषध चालू आहे? उत्तर ठरलेलं, "काय न्हाई". काढा, चूर्ण, भावानं पुण्याहून पाठवलेल्या कॅप्सूल, वैद्यांची पुडी, हे कुणी औषधात धरतच नाही. त्यामुळं ते सगळं जसंच्या तसं एका पिशवीत भरायचं आणि टेबलावर ओतायचं, आणि पुढच्या वेळी वैद्यांकडं जाताना मिरजेच्या गोळ्याही त्याच पिशवीत.