दुधाशिवाय आईस्क्रीम: सगळा खेळ बर्फाच्या कणांचा

कलिंगडाचा गर मिक्सरमधून काढून डब्यात भरला आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, तर सकाळी हाती लागते ती गुलाबी वीट. चमचा वाकेल, पण ती हलणार नाही. त्याच फ्रीझरमधून गोठलेल्या केळ्याचे तुकडे काढून मिक्सरला लावले, तर काही मिनिटांत मऊसूत, चमच्यावर ठरणारं आईस्क्रीम तयार होतं. दोन्हींत दूध नाही, साय नाही, वरून घातलेली साखरही नाही. मग एकाची वीट का होते आणि दुसऱ्याचं आईस्क्रीम का?

नेहमीच्या आईस्क्रीममध्ये दूध बरीच कामं एकटं उरकत असतं. त्यातले स्निग्ध कण बर्फाच्या स्फटिकांच्या मध्ये येऊन बसतात, प्रथिनं हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, आणि दुधातली साखर थोडं पाणी गोठण्यापासून वाचवते. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांना ही दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नीट पचत नाही. कुणी तत्त्व म्हणून दूध सोडलेलं असतं. कारण काहीही असो, दूध काढून टाकलं की उरतं ते फळ, आणि फळ म्हणजे मुख्यतः पाणी. कलिंगड आणि स्ट्रॉबेरीत ते 91 टक्क्यांच्या आसपास असतं, अननसात 86, आंब्यात 83, केळ्यात 75. त्यामुळे फळांचं आईस्क्रीम जमणं म्हणजे हे पाणी नीट गोठवता येणं.

आईस्क्रीममध्ये बर्फ हवाच, नाहीतर ते सरबत होईल. फक्त तो जिभेला कळता कामा नये. बर्फाचे स्फटिक साधारण 50 मायक्रोमीटरपेक्षा मोठे झाले की जीभ त्यांना पकडते आणि आपण ‘कणीदार झालंय’ म्हणतो. चांगल्या आईस्क्रीममधले स्फटिक बहुतेक 20 ते 40 मायक्रोमीटरचे असतात, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. घरच्या फ्रीझरमध्ये हे साधायचं, तर दोन गोष्टी हातात असतात: पाण्यात काय विरघळलंय, आणि ते कसं गोठवलंय.

आधी विरघळलेल्या गोष्टीचं पाहू, कारण सगळ्यात जास्त आईस्क्रीम तिथेच बिघडतात. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात साखर विरघळली की गोठणबिंदू खाली सरकतो. 1 किलो पाण्यात 342 ग्रॅम साखर घातली, तर तो 1.86 अंशांनी उतरतो. आकडा किरकोळ वाटेल, पण खरी गंमत पुढे आहे. पाणी गोठतं तेव्हा स्फटिकात फक्त पाणीच जातं, साखर बाहेर राहते. जसजसा बर्फ वाढतो, तसतसा उरलेला पाक घट्ट होत जातो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. घरच्या फ्रीझरच्या उणे 18 अंशांनाही थोडा पाक द्रवच राहतो. आईस्क्रीममध्ये चमचा शिरतो तो या न गोठलेल्या पाकामुळे.

पाक किती उरेल, याचा ढोबळ अंदाज घेता येतो. उणे 18 अंशांना साखर आपल्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी द्रव ठेवू शकते, असं धरू. कलिंगडाच्या 100 ग्रॅम गरात साखर जेमतेम 6 ग्रॅम, म्हणजे द्रव उरणार 3-4 ग्रॅम पाणी आणि बाकी सगळा बर्फ. हीच ती वीट. मिश्रणात साखर 28 टक्के असेल, तर 72 ग्रॅम पाण्यापैकी 14 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, द्रव राहतो. फळांच्या गोठवलेल्या पदार्थांत साखर 25 ते 30 टक्क्यांच्या आसपास ठेवायची, हा हिशेब यातूनच येतो.

त्यामुळे ‘आरोग्यासाठी साखर निम्मी केली’ असं म्हणणाऱ्यांचं आईस्क्रीम दगड होतं, यात नवल नाही. साखर इथे गोडीपेक्षा मऊपणासाठी असते. ती कमी करायला माझी हरकत नाही, पण मग तिचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवायला हवं.

गणित अगदी सोपं आहे. आंब्याच्या 500 ग्रॅम गरात मुळात 70 ग्रॅमच्या आसपास साखर असते. मिश्रण 25 टक्क्यांवर न्यायचं, तर वरून आणखी 70-75 ग्रॅम पुरते. स्ट्रॉबेरीच्या तेवढ्याच गराला मात्र सुमारे 130 ग्रॅम लागते. वाचून दचकायला होतं, पण चाखताना ती तितकी गोड लागत नाही. थंडीत जिभेला गोडी कमी कळते. चवपेशींमधली टीआरपीएम-5 नावाची मार्गिका, म्हणजे गोडीचा संदेश पुढे पाठवायला मदत करणारं एक प्रथिन, गारव्यात मंदावते. म्हणून फ्रीझरमध्ये जाण्याआधी मिश्रण चाखून ‘जरा जास्तच गोड झालं’ असं वाटलं पाहिजे. गाळलेल्या रसासाठी एक जुनी युक्तीही आहे: स्वच्छ धुतलेलं, ताजं, कवचासकट अंडं रसात सोडायचं. नाण्याएवढा भाग वर तरंगू लागला, की साखर बेताची झाली. अंडं बाहेर काढायचं. त्याचं काम घनता दाखवण्यापुरतंच.

आता गोडी न वाढवता मऊपणा कसा आणायचा? गोठणबिंदू किती उतरेल, हे विरघळलेल्या पदार्थाच्या वजनावर नाही, तर रेणूंच्या संख्येवर ठरतं. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती सुटी केली की त्याच वजनात जवळपास दुप्पट रेणू मिळतात. 342 ग्रॅम साखरेऐवजी तेवढंच ग्लुकोज घेतलं, तर 1 किलो पाण्याचा गोठणबिंदू 1.86 ऐवजी सुमारे साडेतीन अंशांनी खाली येतो, आणि ग्लुकोज साखरेपेक्षा कमी गोड! म्हणून साखरेचा पाव हिस्सा ग्लुकोज पावडरने बदलला, तर आईस्क्रीम मऊ होतं आणि गोडीही आटोक्यात राहते. मधात किंवा खजुराच्या गरातही मुख्यतः याच दोन सुट्या शर्करा असतात. काटेकोर व्हेगन मंडळींना मध चालत नाही. खजुराबद्दल त्यांची तक्रार नसावी.

केळ्याचं गुपितही इथेच उलगडतं. कच्च्या केळ्यात 20 टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. स्टार्चचे रेणू अवाढव्य, त्यामुळे संख्येने थोडे. गोठणबिंदू उतरवण्यात त्यांचा उपयोग जवळपास शून्य. केळं पिकताना या स्टार्चचं साखरेत रूपांतर होतं आणि शेवटी तो 1-2 टक्क्यांवर येतो. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं, घरात कुणी हात न लावणारं केळं आईस्क्रीमसाठी सर्वांत चांगलं, ते यामुळे. शिवाय पिकताना केळ्यातलं पेक्टिन विरघळू लागतं आणि त्याने पाक दाट होतो. दाट पाकात पाण्याचे रेणू संथ फिरतात, स्फटिकांना वाढायला वेळ लागतो.

करताना काय होतं, ते बघण्यासारखं आहे. केळं सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, लिंबाचा रस चोळायचा आणि ताटात एकमेकांना न चिकटवता गोठवायचे. (सालीसकट गोठवलं, तर साल काळी पडून अशी चिकटते की सोलताना बोटं बधिर होतात.) लिंबाचं काम रंग राखण्याचं: कापल्यावर केळ्यातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने गर तपकिरी करतं, आणि आंबटपणात ते मंदावतं. पुरते गोठलेले तुकडे मिक्सरमध्ये घातले की आधी नुसता खडखडाट आणि कोरडा चुरा. बऱ्याच जणांचा धीर इथे सुटतो आणि ते पाणी ओततात. ओतू नका. ते पाणी पुढे बर्फच होणार. मिक्सर थांबवून कडेचा चुरा खाली ढकलायचा, दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि पुन्हा फिरवायचं. चुऱ्याचे गोळे होऊ लागतात, पातं अडखळतं, आवाज जड होतो. आणि मग अचानक सगळं एकजीव होऊन गुळगुळीत फिरू लागतं. पात्याने स्फटिक बारीक केलेले असतात, घर्षणाच्या उष्णतेने त्यांच्या कडा किंचित वितळलेल्या असतात आणि दाट पाकात हवा अडकलेली असते. इथेच थांबायचं. आणखी फिरवलं तर तीच उष्णता बर्फ वितळवत जाते.

हे आईस्क्रीम लगेच खावं हे बरं. मिक्सरमधून निघतं तेव्हा ते फ्रीझरपेक्षा बरंच कमी थंड असतं आणि त्यातलं पुष्कळ पाणी द्रव असतं. केळ्यात साखर 12 टक्क्यांच्या आसपासच, त्यामुळे पुन्हा उणे 18 अंशांना गेलं की तेही कडक होतं. साठवायचंच असेल, तर वरून साखर किंवा खजूर घालावाच लागतो.

दुसरी गोष्ट गोठवण्याची. पाणी सावकाश गोठलं, तर थोडे स्फटिक तयार होतात आणि तेच मोठे होत जातात. झटपट गोठलं, तर एकदम पुष्कळ आणि बारीक. पण झटपट गोठवणं फ्रीझरला जड जातं. 1 किलो पाणी 20 अंशांवरून शून्यावर आणायला 84 किलोजूल उष्णता काढावी लागते, आणि शून्याच्या पाण्याचा शून्याचाच बर्फ करायला 334. म्हणजे थंड करण्याच्या चौपट मेहनत गोठवण्यात! अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी 1843 मध्ये हाताने फिरवायच्या आईस्क्रीम यंत्राचं पेटंट घेतलं, ते या अडचणीवरच तोडगा म्हणून. बाहेर बर्फ आणि मीठ, आत मिश्रणाचा डबा आणि त्यात फिरणारं पातं. मिठाने बर्फाचं तापमान उणे 21 अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि पातं भिंतीवर धरलेला बर्फ मोठा व्हायच्या आत खरवडत राहतं.

यंत्र नसेल, तर दर अर्ध्या तासाने डबा काढून ढवळा, असं सगळीकडे सांगतात. मला ते पटत नाही. दरवेळी झाकण उघडून मिश्रण गरम होतं आणि हाताने स्फटिक फारसे फुटतही नाहीत. त्यापेक्षा मिश्रण झिपच्या पिशवीत भरून बोटभरही जाड नसलेला थर करावा आणि आडवं गोठवावं. जाडी निम्मी केली तर गोठायचा वेळ निम्म्याहूनही कमी होतो. मग त्या थराचे तुकडे मोडून केळ्यासारखेच मिक्सरमध्ये फिरवायचे.

दुधातल्या स्निग्धांशाची उणीव घट्ट नारळाचं दूध चांगली भरून काढतं. त्यात साधारण 20 टक्के स्निग्धांश असतो आणि खोबरेल तेल 24-25 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे फ्रीझरमध्ये ते घट्ट राहून स्फटिकांच्या आड येतं आणि तोंडात विरघळतं. फार घातलं, तर जिभेवर मेणचट थर राहतो आणि फळाची चव दबते. गराच्या पाव भागाइतकं पुरे. भिजवून वाटलेले काजूही चालतात, पण मिक्सरने कंटाळा केला तर रवाळ लागतात. ताजी पपई, अननस, किवी यांना मात्र इथे एक फायदा मिळतो. त्यांतली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि आईस्क्रीम कडू होतं. दूधच नाही म्हटल्यावर तो प्रश्नच मिटतो.

राहिला साठवणीचा भाग. फ्रीझरचं तापमान स्थिर नसतं. दार उघडतं, आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीझर अधूनमधून थोडे गरम होतात. दरवेळी लहान स्फटिक वितळतात आणि ते पाणी मोठ्यांवर जाऊन गोठतं. लहान कमी होत जातात, मोठे वाढत जातात. गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांची पाणी दाट करणारी पूड, हे थोपवत नाही, पण लांबवतं: 500 ग्रॅम मिश्रणाला जेमतेम 1 ग्रॅम, कोरड्या साखरेत मिसळून, नाहीतर गाठी होतात. डबा उथळ घ्यावा, पृष्ठभागाला लागून कागद चिकटवावा आणि दारापासून लांब, फ्रीझरच्या तळाशी मागे ठेवावा. खायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढावा. तरीही कणीदार झालंच, तर वितळवत बसू नका. तुकडे करून परत मिक्सरला लावा, स्फटिक पुन्हा बारीक होतात.