पीडीएफ की ईपब? ई-रीडर घेण्याआधी फाइल बघा

छापील पाठ्यपुस्तकांऐवजी ई-रीडर घ्यायचा असेल, तर आधी पुस्तकं कोणत्या फाइलमध्ये मिळणार ते विचारा. पीडीएफ आणि ईपब या दोन्हींना सरसकट ‘ई-बुक’ म्हणतात, पण स्क्रीनवर त्यांची वागणूक अगदी वेगळी असते.

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा साचा. मजकूर, आकृती, समास सगळं जागच्या जागी पक्कं. ए4 पान 210 × 297 मिमी असतं. 6 इंची स्क्रीनवर ते साधारण 41 टक्क्यांवर येतं. म्हणजे 11 पॉइंटचं अक्षर जेमतेम साडेचार पॉइंटचं उरतं. झूम केलं की प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं, आणि ई-इंकच्या (ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या) संथ स्क्रीनवर मुलं दोन दिवसांत कंटाळतात. 10.3 इंची स्क्रीनवर पान मूळ आकाराच्या सुमारे 70 टक्के दिसतं. चारही बाजूंचे 20 मिमी समास छाटले, तर 80 टक्क्यांपर्यंत जातं आणि वाचण्याजोगं होतं. खरेदीआधी पुस्तकाचं एक पान प्रिंटरवर 41 टक्के स्केलने छापून मुलांच्या हातात द्या, 6 इंची स्क्रीनवर कसं दिसेल ते लगेच कळेल.

ईपबमधला मजकूर स्क्रीनप्रमाणे नव्याने ओळी पाडतो. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप जुळतात. कथा, इतिहास, भाषा यांसाठी 6-7 इंच पुरतात. अडतं ते गणितात: सूत्रं बहुधा चित्रं म्हणून घातलेली असतात, त्यामुळे मजकूर वाढला तरी सूत्र तेवढंच राहतं. रुंद तक्ते कडेला कापले जातात. आणि ‘पान 84 उघडा’ म्हटलं तर प्रत्येकाचं 84 वेगळं निघू शकतं. छापील पानांचे क्रमांक फाइलमध्ये घातलेले आहेत का, हे आधी तपासावं.

नुसत्या नावावर जाऊ नका. काही ईपब ‘स्थिर मांडणी’चे असतात आणि पीडीएफसारखेच वागतात. अक्षराचा आकार वाढवून बघा; ओळी बदलल्या नाहीत, तर तो त्यातला. पीडीएफमध्ये एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जात नसेल, तर बहुतेक वेळा तो नुसता स्कॅन असतो. शोध आणि शब्दकोश दोन्ही चालणार नाहीत. देवनागरीत आणखी एक पाहा: निवडलेला शब्द दुसरीकडे चिकटवा. जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांवर अक्षरं ओळखली जावीत यासाठीची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टची फाइल असेल तर ‘विज्ञान’च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात.

गणित-विज्ञानाचे पीडीएफ जास्त असतील, तर 10.3 इंचांखाली जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.