सार्वजनिक सुविधांची सुगम्यता

शहरातील पदपथ, बसथांबे, रेल्वेस्थानके, कचेऱ्या, ग्रंथालये, उद्याने, स्वच्छतागृहे या सर्वांसाठी असलेल्या जागा आणि तेथील सेवा दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने, सुरक्षितपणे आणि शक्यतो कोणाचा हात न धरता वापरता येणे, याला सुगम्यता म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग हक्कविषयक कराराच्या नवव्या अनुच्छेदाने ती सदस्य राष्ट्रांची जबाबदारी ठरवली असून इमारती व रस्ते यांबरोबरच वाहतूक, माहिती आणि संपर्कसाधने यांनाही हा अनुच्छेद लागू होतो. भारताने २००७ मध्ये या कराराला मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम केला.

सुगम्यतेचा विचार साखळीसारखा करावा लागतो. घरापासून कचेरीच्या खिडकीपर्यंतच्या वाटेत पदपथ, थांबा, बस, प्रवेशद्वार आणि लिफ्ट असे टप्पे येतात. त्यातला एक जरी अडला तरी बाकीच्यांवरचा खर्च त्या व्यक्तीपुरता वाया जातो. दारापाशी उत्तम उतार बांधायचा आणि आत स्वच्छतागृहाला उंच उंबरठा ठेवायचा, हा प्रकार म्हणूनच अर्धवट सोय नव्हे, तर गैरसोयच होय.

उतार, म्हणजे बोलीतला रॅम्प, ही सर्वांत परिचित आणि सर्वांत जास्त चुकणारी सोय. १:१२, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबी, हे त्याचे अनेक ठिकाणी मान्य असलेले प्रमाण आहे. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांची, म्हणजे ४५ सेंटिमीटरची चढण पार करण्यासाठी त्यानुसार ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. तेवढी जागा सोडलेली नसली की पायऱ्यांवरच सिमेंटचा तिरका थर चढवला जातो. अशा उतारावर व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी चढवता येत नाही, आणि उतरताना ती ताब्यात राहत नाही. उताराला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, तसेच वर आणि खाली खुर्ची वळवण्याइतकी, सुमारे दीड मीटरची सपाट जागा हवी.

एका गटाची सोय दुसऱ्याची अडचण ठरू शकते, हे पदपथाच्या कडेवर स्पष्ट दिसते. चाकांसाठी ही कड रस्त्याच्या पातळीला उतरवली की अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीला ‘येथे रस्ता सुरू होतो’ हे सांगणारी खूण नाहीशी होते. म्हणून त्या जागी उठावाच्या ठिपक्यांच्या फरशा बसवतात. या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवण्यात आल्या. ठिपक्यांचा अर्थ ‘थांबा’ आणि लांब पट्ट्यांचा अर्थ ‘या दिशेने चला’ असा असतो. केवळ शोभेसाठी त्या उलटसुलट जोडणे किंवा पट्ट्यांची रांग थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडणे हे फरशा नसण्यापेक्षाही घातक असते, कारण काठीने चालणारी व्यक्ती त्यांच्यावर विश्वास ठेवते.

स्वच्छतागृहात दाराची मोकळी रुंदी सुमारे ९० सेंटिमीटर असावी आणि दार बाहेरच्या बाजूला उघडावे, म्हणजे आत कोणी पडले तर ते शरीराच्या आडोशाने अडत नाही. बैठक खुर्चीच्या उंचीची असली की एका आसनावरून दुसऱ्यावर सरकणे सोपे जाते. प्रत्यक्षात अशा खोल्यांत झाडू आणि बादल्या ठेवून बाहेर कुलूप लावण्याची रीत बरीच दिसते.

कर्णबधिर व्यक्तींसाठी ध्वनीवरून दिलेली प्रत्येक सूचना फलकावरही उमटावी लागते, तर अंधांसाठी बसचा क्रमांक आणि पुढचा थांबा बोलून सांगावा लागतो. बौद्धिक दिव्यांगांना सोपी भाषा आणि ठळक चित्रखुणा उपयोगी पडतात. लिफ्ट बंद असल्याची सूचना मात्र लिफ्टच्या दारावर चिकटवून भागत नाही. ती प्रवासी घरातून निघण्यापूर्वी त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते.