घेर कुठून सुटतो? बेलबॉटम, पलाझो आणि टाचेचं सँडल

भाचीचा फोन आला तेव्हा ती नांदेडला एका मंगल कार्यालयाच्या जिन्यात बसली होती. "मावशी, बेलबॉटम घातली अन् पडले ना!" पडली म्हणजे शेवटच्या दोन पायऱ्या. घोटा थोडा मुरगळला होता, बर्फ लावल्यावर पंगतीला बसण्याइतकी बरी झाली. पण तिनं फोटो पाठवला तर अंगावर बेलबॉटम नव्हतीच. जांभळ्या क्रेपची पलाझो होती. ऑनलाइन मागवताना नाव "फ्लेअर्ड पँट" असं होतं, म्हणून पोरीनं ती बेलबॉटम समजून लांबी ठेवली आणि बेलबॉटम समजूनच जिना उतरली.

दोन्ही पँटी खाली रुंद असतात आणि दोन्हींवर टाचेचं सँडल घालतात. दुकानात एकाच दांडीवर लटकतात, त्यामुळं गल्लत होणारच. फरक बघायचा तो घेर कुठून सुटतो याचा. बेलबॉटम कंबरेपासून गुडघ्यापर्यंत अंगाला धरून असते, घेर गुडघ्याखाली सुटतो. पलाझो कंबरेलाच, फार तर मांडीपासून सैल होते आणि थेट खालपर्यंत तशीच मोकळी उतरते.

आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि शेजारच्या मुसलमान घरांतल्या लग्नात गरारा अन् शरारा दोन्ही बघितलेले असतात. गराऱ्याला गुडघ्यावर जोड असतो, त्या जोडावर गोट लावलेला असतो आणि चुण्या तिथून खाली सुटतात. शरारा वरूनच घेरदार. बेलबॉटम ही गराऱ्याची चुलत बहीण, पलाझो शराऱ्याची. नातं रक्ताचं नाही, मी आपलं लक्षात राहायला लावलंय.

घरातली पँट नेमकी कुठली हे ओळखायचं असेल तर ती सपाट अंथरा आणि टेप घ्या. माझ्या डेनिमच्या बेलबॉटमची रुंदी गुडघ्यात साडेआठ इंच भरते आणि खाली सव्वाअकरा. पलाझो मांडीत चौदा, गुडघ्यात चौदा, खाली पंधरा. गुडघ्यात आठ आणि खाली नऊ भरली तर ती बूटकट, तिच्यासाठी एवढा विचार करायची गरज नाही. खालच्या घेराला बरेच शिंपी "मोहरी" म्हणतात. फोडणीतली नव्हे. "मोहरी किती ठेवू?" असं विचारलं तर गोंधळू नका.

आता लांबी. सगळे अपघात इथंच शिवले जातात.

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटकडं मी ज्या मास्तरांकडून पँटी आखूड करून घेते, ते माप घ्यायच्या आधी पायांकडं बघतात. "ताई, सँडल कुठंय?" सँडल आणलं नसेल तर परत पाठवतात, चहा पाजून पाठवतात पण पाठवतातच. अनवाणी पायावर घेतलेलं माप तीन इंची टाचेवर भलतंच उघडं पडतं, आणि तीन इंची टाचेवरचं माप साध्या चपलेवर झाडू मारत फिरतं. म्हणजे एक पँट आणि एक टाच ही जोडी ठरवूनच शिलाई मारायची. दोन वेगवेगळ्या उंचीच्या सँडलांना एकच पँट पुरवायची हौस असेल तर त्यातल्या एका दिवशी काहीतरी उसवणार.

बेलबॉटमची खालची कड मास्तर सरळ ठेवत नाहीत. पुढं अर्धा इंच वर आणि मागं अर्धा इंच खाली अशी तिरपी ठेवतात. पुढचं कापड पायाच्या पंजावर मोडत नाही, सरळ पडतं, आणि मागची कड टाच झाकते पण जमिनीपासून बोटभर वर राहते. बेलबॉटमची सगळी शान या झाकलेल्या टाचेत आहे. सँडलचं नुसतं टोक दिसतं आणि पाय गुडघ्यापासून जमिनीपर्यंत एकसंध लांब वाटतो. वडिलांच्या लग्नाच्या अल्बममध्ये, साल १९७७, त्यांचे तिन्ही मित्र याच हिशेबानं उभे आहेत. तेव्हा पुरुषही बेलबॉटमखाली जाड तळाचे, उंच टाचेचे बूट घालत. उंच टाच ही मुळात इराणी घोडेस्वारांची, रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून. घोड्याला टाच मारणारे आपणही, पण ती टाच बिनहिलची.

पलाझोची कड मात्र चारी बाजूंनी सारखी, जमिनीपासून अर्धा ते पाऊण इंच वर. आणि इथं एक गोष्ट आहे जी भाचीला कुणीच सांगितली नव्हती. पलाझोची लांबी सकाळी आणि संध्याकाळी सारखी नसते. बहुतेक पलाझोंना कंबरेला इलॅस्टिक असतं. नवरीच्या मागं धावपळ, जेवण, त्यात खिशात मोबाइल, असं करता करता कंबर इंचभर खाली उतरते, तेवढीच खालची कड जमिनीला लागते. सकाळी बरोबर बसलेली पँट वरातीच्या वेळी पायाखाली येते. डेनिमच्या बेलबॉटमचं उलटं. कंबरेला बटण-बेल्ट असतो, ती फारशी उतरत नाही, पण बसून बसून गुडघ्यात फुगते आणि उठल्यावर कड वर ओढल्यासारखी दिसते. पाय झटकला की जागेवर येते. पलाझो मात्र उतरतच राहते, म्हणून तिला इलॅस्टिकसोबत नाडी हवीच. नाडी दिसते म्हणून लाजायचं कारण नाही, वर कुर्ता आहेच.

जिन्यावर या दोघी वेगळ्या वागतात. पलाझो चढताना दगा देते. पाऊल वरच्या पायरीवर पडतं, पुढची कड चवड्याखाली जाते आणि अंग वर उचलताना कापड खाली ओढतं, तोल पुढं जातो. बेलबॉटमची भीती जास्त उतरताना. तिची मागची कड वरच्या पायरीच्या कोपऱ्यावर टेकलेली असते, टाच नेमकी तिच्यावर बसते. पलाझो फार लांब असेल तर दोन्हीकडं, म्हणजे भाचीचं झालं ते.

आईच्या पिढीला हे शिकवावं लागलं नाही, कारण साडी नेसून जिना चढताना हात आपोआप निऱ्यांकडं जातो. पँट घातली की तो हात मोबाइलकडं जातो. पलाझोला निरीसारखंच धरायचं. मांडीपाशी बाहेरच्या शिलाईवर चिमूट घेऊन कापड दोन इंच उचललं की कड पायातून निघते. बेलबॉटमला हा उपाय चालतच नाही. ती मांडीला घट्ट, धरणार काय? तिथं उतरताना पाऊल पायरीवर थोडं तिरपं टाकायचं, टाच पायरीच्या आत घ्यायची आणि एक हात कठड्यावर. सपाटीवर चालताना दोन पायांत बोटभर जास्त अंतर ठेवायचं, कारण बेलबॉटममध्ये एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या आतल्या घेरात शिरते. ही अडचण तिची खास.

टाच कुठली? माझं मत ठाम आहे: ब्लॉक हिल, म्हणजे जाड, ठोकळ्यासारखी टाच. दोन ते तीन इंच. पेन्सिल हिलचं टोक नखाएवढं, ते शहाबादी फरशीच्या फटीत, गटारावरच्या जाळीत आणि लॉनच्या मातीत सारखंच अडकतं. बीड बायपासच्या लॉन्सवर हिरव्या कार्पेटखाली काय आहे हे टाच रुतल्यावर कळतं. पाऊस झाला असेल आणि खाली काळी माती असेल तर सँडल तिथंच सोडून पुढं जायची तयारी ठेवा. बेलबॉटममध्ये तर टाच झाकलेलीच असते, मग एवढी नाजूक टाच कुणाला दाखवायची? पलाझोखाली पेन्सिल हिल आणखी वाईट, पातळ कापडाला ती भोक पाडते. उंची फार हवी असेल तर प्लॅटफॉर्म. चार इंची टाचेला पुढं एक इंच तळ असला तर पायाला उतार तीन इंचाचाच लागतो. वेज, म्हणजे टाचेपासून पुढपर्यंत सलग भरीव तळ, चालतात, पण बेलबॉटमखाली जाडजूड वेज म्हणजे पायांत दोन विटा बांधल्यासारखं दिसतं.

घोट्याभोवतीचा पट्टाही बघून घ्या. बक्कल मोठं किंवा खड्यांचं असेल तर जॉर्जेट आणि क्रेप त्यात अडकून धागा निघतो. डेनिमला त्याचं काही वाटत नाही.

कापडाचा मुद्दा मी एका पिको-फॉलच्या दुकानात शिकले. हलक्या रेयॉनची पलाझो पंख्याच्या वाऱ्यानंही पायात घुसते. तिथल्या काकूंनी खालच्या कडेला आतून साडीचा फॉल लावून दिला. कडेला वजन आलं, कापड सरळ खाली पडायला लागलं आणि टाच लागली तरी आधी फॉल घासतो, पँट वाचते. फॉल आधी भिजवून वाळवायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून कड गोळा होते. पँट सुती असेल तर तीही शिलाईआधी एकदा धुवून घ्यावी. बेलबॉटमला फॉलची गरज नसते, डेनिमला स्वतःचंच वजन पुष्कळ.

दिसण्याबद्दल थोडक्यात. बेलबॉटमवर वरचा कपडा आखूड किंवा खोचलेला हवा. लांब कुर्त्यानं गुडघा झाकला की घेर कुठून सुटला हेच दिसत नाही, मग ती घातली कशाला? पलाझोवर लांब कुर्ता, अंगरखा, काहीही शोभतं. बेलबॉटम सपाट चपलेवर बसकी वाटते, पलाझो कोल्हापुरीवरही चालते. आणि एप्रिल-मेच्या लग्नात डेनिमची बेलबॉटम घालणाऱ्या मुलींना माझा दुरूनच नमस्कार.

राहिली स्कूटी. टाच घालून स्कूटी चालवू नये. सिग्नलला पाय टेकताना टाच आडवी घसरते आणि गाडीचं सगळं वजन त्या घोट्यावर येतं. साधी चप्पल पायात, सँडल डिकीत. मोटारसायकलवर मागं बसणारीनं पलाझोचा घेर मांडीखाली दाबून घ्यावा, चाकाकडं सुटला की साडीच्या पदरासारखाच ओढला जातो. बेलबॉटमला केसांचं रबर पुरतं, पिंढरीवर घेर गोळा करून अडकवायचं आणि उतरलं की काढायचं.

भाचीची जांभळी पलाझो सध्या मास्तरांकडं आहे. या वेळी ती सँडल घेऊन गेली होती, पण भावाच्या हळदीला घालायचं दुसरंच, पाऊण इंचानं बुटकं. मास्तरांनी टाचणी हातात धरूनच विचारलं, "पक्कं हेच ना?"